लेबलएक्स्पो इंडिया, ग्रेटर नोएडा: जायचं तर स्वतःचा रोल पिशवीत घालून जा

पुढच्या लेबलएक्स्पोला, म्हणजे लेबल छापायच्या मशीन आणि मालाच्या प्रदर्शनाला, जावं का, असं सध्या जो भेटतो तो विचारतोय. भोसरीत टपरीवर हाच विषय, फोनवर पण हाच, म्हणून एकदाच काय ते लिहून टाकतो. माझं उत्तर हो असं आहे, जा. पण नुसत्या मशीन बघायला जाऊ नका, आपल्या शॉपवर जो जॉब रडवतोय तो घेऊन जा, नाहीतर विमानाचं तिकीट काढून कॅटलॉग गोळा करायला गेल्यासारखं होतं आणि कॅटलॉग तर आता सगळे व्हॉट्सअपवर पाठवतातच.

आधी मी कोण ते सांगतो म्हणजे रिव्ह्यू कुठल्या चष्म्यातून आहे ते कळेल. आमचं छोटं युनिट आहे, मी आणि दादा मिळून बघतो, नॅरो वेबच्या फ्लेक्सो मशीन (अरुंद रोलवर लवचिक प्लेटने छापणाऱ्या), एक स्लिटर रिवाइंडर (छापलेला रोल कापून परत गुंडाळणारं), बाकी सगळी जुळवाजुळव. शाम्पू, मसाले, थोडं फार्मा, थोडी नाशिकची वाइन. म्हणजे मोठ्या कंपन्यांची नजर नाही माझी, ज्याला महिन्याचा हप्ता आणि वेस्टेज एकाच वहीत लिहावं लागतं त्याची नजर आहे. ज्यांच्याकडे आठ-दहा प्रेस आहेत त्यांना यातलं अर्धं लागू होणार नाही.

ज्यांना माहीतच नाही त्यांच्यासाठी सांगतो. हा शो दर दोन वर्षांनी होतो, मागचा १४ ते १७ नोव्हेंबर २०२४ ला झाला, ग्रेटर नोएडाच्या इंडिया एक्स्पो सेंटर अँड मार्टमध्ये. पूर्वी याचंच नाव इंडिया लेबल शो होतं. मूळ भाऊबंद युरोपातला, तो कित्येक वर्षं ब्रसेल्सला भरायचा आणि २०२५ च्या सप्टेंबरात पहिल्यांदा बार्सिलोनाला गेला. आयोजक टार्सस, आणि टार्ससला २०२३ मध्ये इन्फॉर्माने घेतलं. आता जगभरच्या सगळ्या लेबलएक्स्पोंचं नाव बदलून लूप केलंय, त्यामुळे पुढच्या वेळी जाहिरातीत लेबलएक्स्पो शोधत बसाल तर सापडणार नाही कदाचित. मी मात्र इथे जुनंच नाव वापरणारे, सवयीचा भाग.

बरं, छपाईचं पॅमेक्स प्रदर्शन गोरेगावात होतं, घरच्या घरी, मग इतक्या लांब कशाला, हा प्रश्न दादाने पण विचारला होता. उत्तर असं की पॅमेक्स किंवा प्रिंटपॅकला प्रिंटिंगमधलं सगळंच असतं, ऑफसेट, बाइंडिंग, कार्टन, फ्लेक्स बॅनर, त्यात आपल्या कामाचे स्टॉल हुडकून काढायचे म्हणजे पाय मोडतात. इथे आत शिरलं की सगळं लेबलच. कोणालाही डायकट (पात्याच्या साच्याने आकार कापणं) म्हटलं की तो रोटरीच, म्हणजे फिरत्या सिलिंडरवरचंच समजतो, बॉक्स पंचिंगचं मशीन दाखवायला नेत नाही. हा एवढा एक फायदा पुरेसा आहे, खरंच.

आता पोचायचं कसं ते, कारण अर्धे लोक इथेच वैतागतात. जागा दिल्लीत नाहीये, ग्रेटर नोएडात आहे, दिल्लीच्या विमानतळापासून पन्नासेक किलोमीटर तर धराच आणि मध्ये अख्खी दिल्ली आडवी येते. २०२४ ला तर हवेने कहर केला होता, शोच्या आदल्या दिवशी धुक्याने विमानं वळवली जात होती, शोच्या पहिल्या दिवशी दिल्लीचा एक्यूआय चारशेच्या वर, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आठपासून ग्रॅपचा (प्रदूषण वाढलं की लागणाऱ्या निर्बंधांचा) तिसरा टप्पा लागला म्हणजे बीएस थ्री पेट्रोल आणि बीएस फोर डिझेल गाड्या बंद, त्यात गौतम बुद्ध नगर पण आलं, म्हणजे एक्स्पोचा जिल्हाच. कॅब मिळेपर्यंत घसा धरतो. इकडे आपल्याकडे विधानसभेची धामधूम, २० तारखेला मतदान, पुण्यातून निघताना भोंगे आणि तिकडे उतरल्यावर खोकला. नोव्हेंबर-डिसेंबरात शो असेल तर मास्क न्याच, चेष्टा नाही, आणि सकाळचं पहिलं विमान धरून त्याच दिवशी दहा वाजता शोला पोचू असलं गणित करू नका.

मेट्रो चांगली आहे पण. ब्लू लाइनने नोएडा सेक्टर ५२, तिथून चालत सेक्टर ५१ ला अ‍ॅक्वा लाइन धरायची आणि नॉलेज पार्क टू ला उतरायचं, पुढे रिक्षा. वेळ लागतो पण हवा कशीही असो, मेट्रो चालते. मुक्काम दिल्लीत करोल बागेत वगैरे करू नका, जेवण चांगलं मिळतं हे मान्य पण रोज येण्याजाण्यात चार तास जातात, नोएडात किंवा ग्रेटर नोएडातल्या परी चौकाच्या आसपास राहा.

आत गेल्यावर पहिल्यांदा डोळे दिपतात. समोरच मोठमोठ्या प्रेस, लाइट, संगीत, सूट घातलेली पोरं. डिजिटल, फ्लेक्सो आणि दोन्ही एकात असलेल्या हायब्रिड. हायब्रिडभोवती गर्दी सगळ्यात जास्त, कारण ते दिसतंच भारी, एका बाजूने कोरा रोल जातो, इंकजेटने चार रंग, पुढे फ्लेक्सो युनिटवर वार्निश, कोल्ड फॉइल (सोनेरी-चंदेरी चकाकी), डायकट, आणि दुसऱ्या बाजूने तयार लेबल. लोक मोबाइल वर करून व्हिडिओ काढतात, आरतीला उभे असल्यासारखे. मी पण काढला. पण तो व्हिडिओ घरी येऊन पाहिला तर त्यात आपल्या उपयोगाचं काहीच नाही, कारण डेमोमध्ये काय चालवतात ते नीट बघा. जवळजवळ सगळीकडे पांढरं पीपी (पॉलिप्रॉपिलिनची प्लास्टिक फिल्म), ग्लॉस, साधा चौकोनी किंवा गोल आकार, भरगच्च चार रंगांचं फळांचं नाहीतर पोपटाचं चित्र. पांढऱ्या पीपीवर पोपट कोणत्याही मशीनवर छान येतो हो. आमच्या जुन्या मशीनवर पण येतो.

म्हणून सांगतो की आपला रोल न्या. मी नेला होता शाम्पूच्या बाटलीचा क्लिअर पीई (पारदर्शक पॉलिथिन), दाबता येणारी बाटली असते ना ती, त्यामुळे मटेरियल मऊ, ताणलं की लांबतं, रजिस्टर (रंगांची एकमेकांवरची जुळणी) पळतं आणि वर पांढऱ्या रंगाची अपारदर्शकता कमी पडली की बाटलीतला हिरवा शाम्पू अक्षरातून दिसतो. हा रोल बाहेर काढला की समोरच्याचा चेहरा बदलतो. जो नुसता विक्रेता असतो तो म्हणतो, सर हो जायेगा, आप पहले बैठिये, चाय लेंगे? आणि ज्याला खरंच काम येतं तो चहा वगैरे विसरतो, रोल हातात घेऊन बोटांनी ताणून बघतो, मायक्रॉन विचारतो, रोलला टेन्शन (ताण) किती ठेवता विचारतो, चिल ड्रम (फिल्म गार ठेवणारा रोलर) आहे का विचारतो. एका स्टॉलवर एक वयस्कर गृहस्थ होते, त्यांनी तर सरळ सांगितलं की तुमचं मशीन बदलू नका, आधी क्युरिंगची, म्हणजे यूव्ही दिव्याने शाई सुकवतानाची, उष्णता बघा, मर्क्युरी लॅम्पखाली पातळ पीई गरम होऊन लांबतं, एलईडी यूव्ही लावलात तर निम्मं दुखणं तिथेच जाईल. मशीन विकायला बसलेला माणूस मशीन घेऊ नका म्हणतो म्हणजे काय ते समजा. त्या एका वाक्यासाठी माझे तिकिटाचे पैसे वसूल.

आता एक मजा सांगतो, ही प्रत्येकाने करावी. डेमो चालू असताना मशीनच्या शेवटी लेबलाच्या भोवतालची जाळी गुंडाळली जाते ना, सगळे तयार लेबल बघत असतात, तुम्ही ती जाळी बघा. स्पीड वाढवल्यावर जाळी तुटते का, ऑपरेटर हळूच स्पीड कमी करतो का. मग नमुना म्हणून जी पट्टी देतात ती बाजूला घेऊन लेबल सोलायचं आणि खालच्या लायनरवर (लेबल ज्यावर चिकटलेलं असतं त्या कागदावर), सिलिकॉनच्या बाजूने, मार्करची शाई चोळायची. सिलिकॉन चांगलं असेल तिथे शाई धरत नाही, पुसून जाते. पण जिथे डायने लेबलाबरोबर लायनरही कापलाय तिथे शाई आत मुरते आणि उलट्या बाजूने लेबलाच्या आकाराची रेघ उमटते. एका झगमगीत स्टॉलवरच्या पट्टीवर मी हे केलं तर चारही कोपऱ्यात रेघा, काळ्याकुट्ट. तिथल्या पोराला दाखवलं तर म्हणतो सर ये तो डेमो पीस है. अरे मग गिऱ्हाइकाला काय देणार?

हे इतकं सांगायचं कारण, हाताने लावायचं लेबल असेल तर चालून जातं. पण चाकणला किंवा हिमाचलात बद्दीला बाटल्यांच्या लाइनवर ऑटो लेबलर असतो, तो लायनर ओढतो, आणि कापलेला लायनर तिथे फटकन तुटतो. लाइन थांबते, फोन येतो, डेबिट नोट येते, आणि दोष मात्र आपल्याला कळायला रोल परत यावा लागतो. त्यामुळे मशीन कितीही देखणं असो, मी मार्कर काढतो. खिशात एक मार्कर, एक भिंग आणि एक छोटी कात्री, एवढी हत्यारं पुरतात.

याच्याच पुढची गोष्ट डायवाल्यांच्या स्टॉलवर कळते. मॅग्नेटिक सिलिंडरवर जी पातळ फ्लेक्सिबल डाय बसवतो तिच्या पात्याची उंची लायनरच्या जाडीवर ठरते, मिलीमीटरच्या शंभराव्या भागाचा खेळ आहे. आपण काय करतो, स्वस्त मिळालं म्हणून दुसऱ्या कंपनीचं लेबल मटेरियल घेतो, त्याचा ग्लासिन (गुळगुळीत कागदाचा) लायनर किंचित पातळ असतो, डाय तीच, आणि मग ऑपरेटरला शिव्या. पीईटी (प्लास्टिकच्या) लायनरला तर वेगळीच डाय लागते. हे कुठल्या पुस्तकात वाचून डोक्यात शिरत नाही, तिथे माणूस मायक्रोमीटर लावून दाखवतो की हा बघा तुमचा लायनर आणि हा बघा तुम्ही डाय मागवताना लिहिलेला लायनर, तेव्हा शिरतं. हे स्टॉल मागच्या बाजूला, छोटे, लाइट कमी, पण मी सगळ्यात जास्त वेळ तिथेच होतो.

अ‍ॅनिलॉक्सचं, म्हणजे प्लेटला शाई पुरवणाऱ्या बारीक खाचांच्या रोलरचं, पण तेच. एका स्टॉलवर हातात धरायचा मायक्रोस्कोप होता, लॅपटॉपला जोडलेला, समोर एक जुना वापरलेला रोलर आणि एक नवा. नव्यावर मधमाशांच्या पोळ्यासारख्या स्वच्छ षटकोनी खाचा. जुन्यावर त्याच खाचांच्या तळाशी वाळलेली शाई, काही ठिकाणी तर अर्धी खाच बुजलेली, आणि कडेला एक लांब ओरखडा, जास्तीची शाई पुसणाऱ्या ब्लेडमध्ये काहीतरी अडकल्याचा. कागदावर तो रोलर अमुक बीसीएमचा (खाचांत शाई किती मावते त्याचं माप), प्रत्यक्षात शाई देतोय त्याच्या किती तरी कमी. मग शॉपवर काय होतं तर रंग फिका येतो, ऑपरेटर प्रेशर वाढवतो, छपाईचा ठिपका पसरतो, मग रंग जाड करतो, मग वाळत नाही, मग स्पीड कमी. गिऱ्हाईक म्हणतं मागच्या लॉटसारखा लाल नाही. आणि आपण शाईवाल्याला फोन करून भांडतो. बिचारा शाईवाला. आमच्याकडे परत आल्यावर पहिलं काम रोलर धुवायला पाठवायचं झालं, नवं मशीन वगैरे बाजूलाच राहिलं.

बाय द वे, एक गंमत. तिथे जाऊन ज्यांच्याशी सगळ्यात जास्त बोललो त्यातले निम्मे आपल्याच बाजूचे निघतात. मशीनवाल्या बॉब्स्टचा कारखाना पिरंगुटला, लेबल मटेरियलवाल्या एव्हरी डेनिसनचा प्लँट रांजणगावला, तसलंच मटेरियल करणारी एसएमआय अंबरनाथला. म्हणजे हजार-बाराशे किलोमीटर उडत जायचं आणि स्टॉलवर माणूस म्हणतो, अरे तुम्ही भोसरीचे का, या की एकदा प्लँटवर. मग इथेच का नाही भेटलो बुवा? पण खरं सांगू, इथे असताना आपण जात नाही आणि ते पण येत नाहीत, सगळे आपापल्या डिस्पॅचमध्ये. तिथे चार दिवस दोघंही बांधलेले असतात म्हणून बोलणं होतं.

डिजिटलबद्दल विचारणारे खूप आहेत म्हणून थोडं. छोट्या रनला डिजिटल लागणारच आहे, यात आता वाद राहिला नाही, मसाल्याच्या एका ब्रँडची वीस व्हरायटी असते आणि प्रत्येकीचे हजार-दोन हजार लेबल, त्याला प्लेट करायच्या म्हणजे प्लेटचाच खर्च लेबलापेक्षा जास्त. पण शोमध्ये सांगतात तो हिशोब अर्धा असतो. टोनरवाल्या मशीनला क्लिकचा (प्रत्येक छापामागचा) दर, इंकजेटला शाईचा मिलिलिटरमागे दर, हे सांगतात. त्यात पांढरा धरलाय का विचारा, कारण क्लिअर फिल्मवर पांढराच सगळ्यात जास्त पितो. प्रायमर (शाई धरावी म्हणून आधी द्यायचा थर) लागतो का विचारा. शाई फवारणारं हेड बदलायचं कधी आणि कितीला ते विचारा. आणि सर्व्हिस इंजिनिअर पुण्यात बसतो का दिल्लीत, हे सगळ्यात आधी विचारा. मी हे प्रश्न एका स्टॉलवर विचारले तर त्या माणसाने हसत हसत विषय बदलून शो ऑफर सांगायला सुरुवात केली, आज बुकिंग केलं तर इतकं कमी. सर, आज ही. माझा अनुभव असा की ती आजची ऑफर चार महिन्यांनी पण तशीच असते, फक्त तेव्हा मार्च एंडिंगची असते.

क्यूआर कोडचा विषय मात्र मनापासून बघण्यासारखा. औषधांच्या ३०० ब्रँडना १ ऑगस्ट २०२३ पासून बारकोड किंवा क्यूआर सक्तीचा झाला, तेव्हापासून फार्मावाले लेबल प्रिंटरला विचारतातच की व्हेरिएबल डेटा (प्रत्येक लेबलावर वेगळा नंबर किंवा कोड) करता का. सगळ्यांना वाटतं त्यासाठी मोठं डिजिटल मशीन लागतं. तसं नाहीये, स्लिटरवर एक काळ्या रंगाचं इंकजेट हेड आणि मागे कॅमेरा बसवूनही काम होतं. यात खरी गंमत छपाईत नाही, कॅमेऱ्यात आहे. प्रत्येक कोड वाचला गेला का, एकच कोड दोनदा तर नाही ना, आणि ऑपरेटरने मध्ये रोल जोडला, चार लेबल काढून टाकली, तर ते चार नंबर डेटामधून रद्द झाले का. हे मी मुद्दाम करून दाखवायला सांगितलं. एका ठिकाणी पोरीने शांतपणे मशीन थांबवलं, मधली लेबलं फाडली, जोड दिला, परत चालू केलं आणि स्क्रीनवर ते नंबर लाल झालेले दाखवले. दुसऱ्या ठिकाणी म्हणाले सॉफ्टवेअर में ऑप्शन है, अभी इन्स्टॉल नहीं किया. दोघांचं मशीन दिसायला सारखंच होतं बरं का.

पर्यावरणाचं म्हणाल तर हिरवं पान नाही असा स्टॉल शोधून दाखवा. त्यात बोलण्यासारखं पण आहे. युरोपचा नवा पॅकेजिंग कायदा ११ फेब्रुवारी २०२५ ला अमलात आला, बहुतेक तरतुदी १२ ऑगस्ट २०२६ पासून लागू, आणि त्यात फळांवरचे स्टिकर २०२८ च्या फेब्रुवारीपर्यंत कंपोस्ट होणारे करायचेत. आपल्याकडून आंबा, डाळिंब युरोपात जातं, त्यावरचं इवलंसं स्टिकर कोणीतरी आपल्यातलाच छापतो, त्यामुळे हा लांबचा विषय नाही. कागद कंपोस्ट होणारा मिळतो, गम पण तसाच हवा आणि शाई पण, तिन्ही एकत्र सर्टिफिकेटसकट कोण देतो हे विचारत फिरायला हा शो उत्तम. धुतल्यावर सुटणारा गम, पातळ लायनर, लायनर नसलेलं लेबल, हे सगळं एका छताखाली हाताळून बघता येतं. पण लायनरच्या कचऱ्याचं काय करायचं यावर सगळे गोल गोल बोलतात. सिलिकॉनवाला कागद बघून आमच्या इथला भंगारवाला तोंड फिरवतो, आणि स्टॉलवरचे म्हणतात आमचा रिसायकलिंग प्रोग्रॅम आहे. छोट्या युनिटकडून महिन्याला जेवढा निघतो तेवढ्यासाठी गाडी येणार का, यावर सरळ हो म्हणणारा मला भेटला नाही.

नाशिकवाल्यांसाठी एक ओळ. वाइनच्या टेक्श्चर्ड कागदावर फॉइल आणि एम्बॉसिंग एकाच पासमध्ये बघायला मिळतं, आणि बर्फाच्या बादलीत बाटली बुडवून ठेवलेली असते, लेबल सुटतं का ते बघायला. बादलीतल्या बाटलीवर नख फिरवून बघा, कोणी रागवत नाही.

भाषणं आणि अवॉर्डचा कार्यक्रम यात मला फार रस नाही, ज्यांना असोसिएशनमध्ये ओळखी वाढवायच्यात त्यांनी जावं. एलएमएआयची, म्हणजे लेबल बनवणाऱ्यांच्या असोसिएशनची, वेगळी कॉन्फरन्स असते ती हॉटेलात, तिथे मशीन नसतात, माणसं असतात, आणि कच्च्या मालाचे भाव, उधारी, कोण कोणाचं गिऱ्हाईक पळवतोय हे सगळं तिथे जास्त मोकळं कळतं. एक्स्पोमध्ये तसं निवांत बसायला जागाच नाही. पाय दुखून दुखून शेवटी आम्ही एका शाईवाल्याच्या स्टॉलवर खुर्च्या रिकाम्या दिसल्या म्हणून बसलो आणि तिथे कोल्हापूरचे एक काका भेटले, सत्तरीच्या आसपासचे, लेटरप्रेसपासून लेबल करतायत. त्यांना विचारलं, काका काय घेतलं? म्हणाले, "घ्यायचं काय न्हाई बाबा, आपलं मशीन अजून किती वर्सं चालंल त्येचा अंदाज घ्यायला येतुया." मला हे फार पटलं.

तक्रारी पण आहेतच. बॅज स्कॅन करू देताना जरा विचार करा, एकदा स्कॅन झालं की पुढचे सहा महिने फोन. किंमत कोणी सांगत नाही, बजेट क्या है सर असं उलट विचारतात, आणि मग बजेट ऐकून मशीन ठरतं. काही मशीनवर सोल्डची पाटी पहिल्याच दिवशी सकाळी लागलेली असते, ते गंभीरपणे घेऊ नका. शेवटच्या दिवशी रविवार होता, गर्दीच गर्दी, कॉलेजची पोरं, पिशव्या गोळा करणारे, डेमो बघायचा असेल तर तो दिवस बाद समजा. त्याउलट पहिल्या दिवशी दुपारपर्यंत हॉल मोकळा असतो आणि मशीनवर बसलेला खरा टेक्निकल माणूस अजून दमलेला नसतो. दुपारनंतर तोच माणूस तेच वाक्य पन्नासाव्यांदा बोलत असतो आणि ते कळतं आवाजात.

मशीन खरंच घ्यायचंय अशांना एवढंच सांगेन की शोमध्ये फक्त निवड करा, सही करू नका. आपल्या मटेरियलवर, आपल्या आर्टवर्कवर, आपल्या ऑपरेटरसमोर त्यांच्या फॅक्टरीत ट्रायल मागा. फरिदाबाद, ग्रेटर नोएडा भागात देशी मशीन बनवणारे बरेच आहेत, मल्टिटेक, यूव्ही ग्राफिक वगैरे, त्यांचे कारखाने जवळच असल्याने शोच्या मागेपुढे एक दिवस ठेवून जाऊन बघता येतं, हा या जागेचा एक मोठा फायदा जो कोणी सांगत नाही. जॉब चेंजला किती वेळ लागतो ते घड्याळ लावून बघा, एका जॉबवरून दुसऱ्यावर जाताना किती मीटर वाया गेलं ते जमिनीवर पडलेल्या वेस्टेजवरून कळतं. स्पीड तर सगळेच मोठा सांगतात, दोनशे मीटर मिनिटाला आमचा कुठला जॉब चालणार आहे, आमचा जॉब सुरू होईपर्यंत संपतो.

रेटिंग द्यायचं तर पाचपैकी चार. अर्धा जागेचा कापला, अर्धा किंमत न सांगण्याच्या रोगाचा. ज्यांचं काम पूर्ण ट्रेडिंगचं आहे, छापून दुसऱ्याकडून घेतात, त्यांनी नाही गेलं तरी काही बिघडत नाही. ज्यांनी नुकतंच मशीन घेतलंय त्यांनी तर मुळीच जाऊ नका, उगाच जीव जळेल.

आणि मालक लोकांनो, एकटे जाऊ नका. जाताना ऑपरेटरला न्या, भाच्याला-मेव्हण्याला नेण्यापेक्षा. आम्ही आमच्या ऑपरेटरला नेलं होतं, त्याचं पहिलंच विमान, दादा आधी कुरकुरत होता तिकिटाच्या खर्चावरून. मी ज्या मशीनसमोर पंधरा मिनिटं माना डोलावल्या तिथे तो खाली वाकून इंक ट्रे कसा निघतो ते बघत होता, आणि उठून म्हणाला, भाऊ, हे धुवायला पाऊण तास लागणार, रात्रपाळीचं पोरगं धुणारच नाही. ते मशीन आमच्या यादीतून तिथेच कटलं. पुढच्या वेळेसाठी त्याने आत्ताच सांगून ठेवलंय की खिडकीची सीट पाहिजे, आणि मार्कर तो स्वतःचा आणणार आहे.